परीक्षा सुटल्यावर हाती काय येते? सॅटच्या वाचन विभागाच्या विक्रीपश्चात सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील पदवी-प्रवेशासाठी कॉलेज बोर्ड ही अमेरिकी संस्था घेत असलेल्या सॅट परीक्षेविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुतांशी परीक्षेच्या आधीच्या काळाविषयी असते. कोणती पुस्तके घ्यावीत, किती महिने आधी सुरुवात करावी, क्लास लावावा की घरीच तयारी करावी, याची चर्चा भरपूर होते. परीक्षा देऊन झाल्यावर विद्यार्थ्याच्या पदरात नेमके काय पडते, याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. भारतातून ही परीक्षा द्यायची तर ६८ डॉलरचे मूळ शुल्क आणि त्यावर अमेरिकेबाहेरच्या परीक्षार्थींसाठीचा अधिभार मिळून खर्च १०० डॉलरच्या पुढे जातो, आणि एवढे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने विक्रीपश्चात सेवेबद्दल चार प्रश्न विचारणे गैर नव्हे. मी पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी वाचन आणि आकलन शिकवते. म्हणून गणित बाजूला ठेवून ‘रीडिंग अँड रायटिंग’ या विभागापुरतेच, आणि त्यातही परीक्षेनंतरच्या टप्प्यापुरतेच, हे परीक्षण मी मर्यादित ठेवत आहे.

केंद्राबाहेर पडल्यावर मुले सर्वांत आधी उत्तरे जुळवतात. दहावीच्या बोर्डाच्या पेपरनंतर शाळेच्या फाटकापाशी जे घोळके दिसतात तेच येथेही दिसतात. फरक एवढाच की बोर्डाची प्रश्नपत्रिका हातात घेऊन घरी जाता येते, तर सॅटच्या खोलीतून कच्च्या कामाचा कागदसुद्धा बाहेर नेता येत नाही. त्यामुळे सॅटची उत्तरे जुळवायची म्हणजे आधी प्रश्नपत्रिका आठवणीतून पुन्हा उभी करायची आणि मग तिच्यावर वाद घालायचा. गणिताच्या बाबतीत हे बऱ्यापैकी साधते, कारण समीकरण आठवले की उत्तर पुन्हा काढता येते आणि दोघांपैकी कोणाचे चुकले हे जागच्या जागी ठरते. वाचनाच्या प्रश्नाला असा आधार नसतो. तेथे चारही पर्याय दिसायला शहाणे असतात, त्यांतला एकच उताऱ्यातल्या शब्दांना पुरून उरतो, आणि तो उतारा तर समोर नसतो.

कागदी परीक्षेच्या काळात निदान सर्वांच्या वाट्याला बहुधा तेच उतारे येत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि डिजिटल परीक्षा येईपर्यंत चाललेल्या त्या आराखड्यात वाचनाच्या चाचणीला ६५ मिनिटे आणि ५२ प्रश्न होते. साधारण ५०० ते ७५० शब्दांचे पाच उतारे असत : एक कथात्म साहित्यातला, एक अमेरिकेच्या घडणीच्या काळातील दस्तऐवजांच्या किंवा स्वातंत्र्य आणि न्याय यांविषयीच्या वैचारिक लेखनाच्या परंपरेतला, एक सामाजिक शास्त्रांतला आणि दोन विज्ञानातले. या चाचणीची खरी गंमत, आणि खरी डोकेदुखी, म्हणजे जोडप्रश्न. आधी उताऱ्याच्या अर्थाविषयी एक प्रश्न विचारायचा, आणि लगेच पुढच्या प्रश्नात ‘मागील प्रश्नाच्या उत्तराला सर्वांत सबळ पुरावा कोणत्या ओळींत आहे’ असे विचारून चार ओळसमूह समोर ठेवायचे. पहिले चुकले की दुसरेही बहुधा चुकणारच, आणि दोन्ही चुकीची उत्तरे एकमेकांना इतकी छान जुळत असत की विद्यार्थी निर्धास्त होऊन पुढे जाई.

एक नमुना घेऊ. तो मी वर्गासाठी स्वतः रचलेला आहे, कोणत्याही प्रत्यक्ष परीक्षेतला नाही. एका तरुणाला त्याचे काका आपल्या गिरणीत कामाला घेऊन जातात. बाराव्या ओळीपाशी निवेदक म्हणतो की काका प्रत्येक कामगाराच्या घरचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवत, आणि त्या हिवाळ्यापर्यंत तरी आपल्याला त्यांच्याविषयी अपार आदर होता. एकेचाळिसाव्या ओळीपाशी तो सांगतो की वहीत आकडे सगळे होते, पण कोणाच्याही मुलाचे नाव नव्हते. प्रश्न असा की निवेदकाची काकांविषयीची भावना कोणती : निखळ आदर, अस्वस्थतेने झाकोळलेला आदर, उघड तिरस्कार की निव्वळ कुतूहल? पहिला पर्याय निवडणारी मुलगी बाराव्या ओळीचा पुरावा देते आणि दुसरा पर्याय निवडणारा मुलगा एकेचाळिसाव्या. उतारा समोर असेल तर हा वाद अर्ध्या मिनिटात मिटतो, कारण ‘त्या हिवाळ्यापर्यंत तरी’ या तीन शब्दांवर बोट ठेवले की पहिला पर्याय आपोआप गळतो. उतारा समोर नसेल, तर आठवणीतून सर्वांत आधी नेमके हेच तीन शब्द निसटतात. काका, गिरणी आणि वही आठवते, अपार आदरही आठवतो. ज्या पुरवणीवर प्रश्न टांगलेला होता ती आठवत नाही. मग घोळक्यात जो सर्वांत ठामपणे बोलतो त्याचे उत्तर ‘बरोबर’ ठरते, बाकीचे आपापल्या घरी उदास होऊन जातात, आणि निकाल लागल्यावर त्या ठाम बोलणाऱ्यालाच कमी गुण पडलेले दिसतात. हा अनुभव वाचन शिकवणाऱ्या कोणालाही नवा नाही.

म्हणूनच कॉलेज बोर्डाची ‘क्वेश्चन अँड आन्सर सर्व्हिस’, मुलांच्या बोलीत क्यूएएस, ही माझ्या मते या संस्थेने विकलेली सर्वांत उपयुक्त वस्तू होती. सुमारे १८ डॉलर भरले की परीक्षेतले प्रश्न आणि उतारे, अचूक उत्तरे, विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे आणि प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी, असे सगळे मिळत असे. याखेरीज साडेतेरा डॉलरची ‘स्टुडंट आन्सर सर्व्हिस’ही होती, तीत प्रश्नाचा प्रकार, काठिण्य आणि बरोबर-चूक एवढेच कळे, प्रश्न मात्र दिसत नसत. वाचन विभागासाठी ती जवळजवळ निरुपयोगी होती. ‘अनुमान या प्रकारचा मध्यम काठिण्याचा प्रश्न चुकला’ हे कळून विद्यार्थ्याने करायचे तरी काय? आपण कोणत्या वाक्यावर घसरलो हे कळल्याशिवाय वाचनातली चूक सुधारत नाही, आणि ते वाक्य दाखवणारी सेवा फक्त क्यूएएस होती.

ही सेवा संस्थेच्या औदार्यातून जन्मलेली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क राज्याने १९७९ मध्ये एक कायदा केला. प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या संस्थांनी परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरे परीक्षार्थींना उघड केली पाहिजेत, अशी त्याची मागणी होती, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी त्याला जोरदार विरोध केला होता. कायद्याचा परिणाम लवकरच दिसला. १९८० च्या पीएसॅटमध्ये, म्हणजे सॅटच्या आधी दिल्या जाणाऱ्या सराववजा परीक्षेत, दोन पिरॅमिड एकमेकांना चिकटवल्यावर किती पृष्ठे उघडी राहतात, असा एक प्रश्न होता. संस्थेच्या उत्तरसूचीत सात असे उत्तर होते. फ्लोरिडातील एका शाळकरी मुलाचे उत्तर पाच असे होते, त्याला चूक ठरवण्यात आले होते, आणि तपासाअंती त्याचेच बरोबर निघाले. तो प्रश्न भूमितीचा होता हे खरे, पण मुद्दा वाचनालाही लागू पडतो : प्रश्न परत मिळाला म्हणून मुलाला उत्तर जुळवता आले, आणि ते विद्यार्थ्याच्या आठवणीशी न जुळवता थेट परीक्षकाच्या सूचीशी जुळवता आले.

क्यूएएसमध्ये उणिवा होत्याच. ती प्रत्येक परीक्षेसाठी मिळत नसे. अमेरिकेत वर्षातल्या ठरावीक तारखांना आणि अमेरिकेबाहेर तर मे महिन्याच्या परीक्षेपुरतीच. पुण्यातून ऑक्टोबरात परीक्षा देणाऱ्याला पैसे टाकूनही आपले उतारे पाहता येत नसत. जे हाती येई त्यातही अमुक पर्याय बरोबर का आणि तमुक चूक का, याचे स्पष्टीकरण नसे. ते शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे. शिवाय ती निकालानंतर येई, तोवर पुढच्या परीक्षेची नोंदणी करून झालेली असे. तरीही एखाद्या विद्यार्थ्याने आपले वीस-बावीस चुकलेले प्रश्न उताऱ्यासकट समोर घेऊन बसावे आणि ‘मी प्रत्येक वेळी उताऱ्याचा पहिला परिच्छेद मनात धरून शेवटच्या परिच्छेदाचा प्रश्न सोडवतो आहे’ हे त्याचे त्यालाच दिसावे, यासाठी १८ डॉलर ही किंमत मला कधीच जड वाटली नाही.

डिजिटल परीक्षा अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून सुरू झाली, आणि तिच्याबरोबर क्यूएएस बंद झाली. परीक्षा म्हणून नवा आराखडा मला जुन्यापेक्षा बरा वाटतो, हे आधी नोंदवते. वाचन आणि लेखन मिळून आता ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटे आहेत. २७ प्रश्नांचे आणि ३२ मिनिटांचे एक अशी दोन मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र वेळेचे भाग, असतात. लांबलचक उतारे गेले आणि त्यांच्या जागी २५ ते १५० शब्दांचे छोटे उतारे आले, प्रत्येकावर एकच प्रश्न. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही अशा आपल्या मुलांना याचा फायदा होतो, कारण एखादा उतारा डोक्यावरून गेला तरी एकाच प्रश्नाचे नुकसान होते. पूर्वी एका उताऱ्याबरोबर दहा-अकरा प्रश्न बुडत. लांब मजकुरावर चित्त ठेवण्याची कसोटी यात गेली, ही माझी तक्रार आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

उत्तरे जुळवण्याच्या दृष्टीने मात्र या परीक्षेने घोळक्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. प्रश्न एका मोठ्या साठ्यातून निवडले जातात आणि शेजारीशेजारी बसलेल्या दोघांना एकच प्रश्नसंच मिळत नाही. त्यात पहिल्या मॉड्यूलमधील कामगिरी पाहून दुसरे मॉड्यूल सोपे द्यायचे की कठीण, हे ठरते. केंद्राबाहेरचा संवाद आता साधारण असा चालतो. “तो मधमाश्यांचा उतारा केवढा कठीण होता!” “मधमाश्या? मला आल्याच नाहीत.” “मला आल्या होत्या, पण माझ्यात आलेख होता.” “म्हणजे माझं दुसरं मॉड्यूल सोपं होतं की काय?” या शेवटच्या प्रश्नानंतर सगळे गप्प होतात, कारण सोप्या मॉड्यूलकडे वळलेल्याला सर्वोच्च गुणांपर्यंत पोहोचता येत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पूर्वी मुले आपले उत्तर कोणते हे पडताळत. आता आपल्याला मॉड्यूल कोणते आले हे पडताळतात. त्यातून शिकण्यासारखे काहीच हाती येत नाही, धास्ती मात्र वाढते. कठीण वाटलेला प्रश्न खरोखर कठीण होता की आपणच थकलो होतो, हे परीक्षार्थीला आतून ठरवता येत नाही. शिवाय प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न गुणांत न धरले जाणारे, केवळ पुढच्या परीक्षांसाठी पारखून पाहण्याचे असतात. तासभर ज्या प्रश्नावरून डोके धरून बसलो तो कदाचित मोजलाच जाणार नसतो.

चुकांची संख्या मोजून गुणांचा अंदाज बांधण्याची जुनी सवयही आता निरर्थक झाली आहे. कागदी परीक्षेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी कच्च्या गुणांचे अंतिम गुणांत रूपांतर करणारा तक्ता वेगळा असे. जून २०१८ च्या परीक्षेत गणिताचा पेपर सोपा निघाला, मोजक्याच चुका असलेल्यांचे गुणही अनपेक्षितपणे घसरले, आणि विद्यार्थ्यांनी फेरगुणांकनाची मागणी केली. काठिण्य समान करण्याची आपली पद्धत योग्यच आहे, असे सांगून कॉलेज बोर्डाने ती फेटाळली. त्या वेळी निदान तक्त्याविषयी वाद घालता येत होता. आता गुण किती प्रश्न बरोबर आले एवढ्यावर ठरत नाहीत. कोणते बरोबर आले आणि त्या प्रश्नांची सांख्यिकीय वैशिष्ट्ये काय होती, यावर ठरतात. तेवढ्याच चुका केलेल्या दोन मैत्रिणींचे गुण वेगळे असू शकतात आणि त्यात कोणावर अन्याय झालेला नसतो. हे गणित शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. पण विद्यार्थ्याला किंवा पालकाला ते स्वतः करून पाहता येत नाही, केवळ विश्वासावर स्वीकारावे लागते.

मग निकालासोबत मिळते काय? २०० ते ८०० मधला विभागाचा गुणांक, शतमक, आणि ज्ञान-कौशल्यांच्या नावाखाली चार आडव्या पट्ट्या : माहिती आणि कल्पना, लेखनाची घडण, कल्पनांची मांडणी आणि प्रमाण इंग्रजीचे नियम. पट्टीचे काही चौकोन भरलेले, काही रिकामे. त्यातून एवढेच समजते की व्याकरणापेक्षा आकलनात मुलगा मागे आहे, आणि हे त्याच्या शिक्षकाला निकालाआधीच माहीत असते. आकलनातही मध्यवर्ती कल्पना ओळखण्यात चूक झाली, पुराव्याच्या प्रश्नात झाली, आलेख वाचण्यात झाली की दोन उताऱ्यांची तुलना करण्यात झाली, हे त्या पट्टीतून उमगत नाही. निकाल पूर्वीपेक्षा बराच लवकर, काही दिवसांत ते दोनेक आठवड्यांत लागतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. परीक्षेनंतरच्या सेवेला मी पाचपैकी दीड गुण देते. त्यातला एक या तत्परतेचा आणि अर्धा पट्ट्यांचा.

संस्थेची बाजू अगदीच पोकळ नाही. एकदा वापरलेले पेपर पुन्हा वापरण्याच्या पद्धतीमुळे पेपर फुटण्याची प्रकरणे वारंवार घडली होती. मे २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील संपूर्ण परीक्षा रद्द करावी लागली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत दिलेला पेपर आधी अमेरिकेबाहेर वापरला गेला होता व आशियात काही जणांच्या हाती होता, असे आरोप झाले. प्रश्न उघड न करता साठ्यातून वेगवेगळे संच देण्याने या दुखण्यावर बराच उतार पडतो, आणि प्रामाणिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो छोटा लाभ नाही. परंतु याच कारणासाठी नियमांत अशी अट आहे की संस्थेने स्वतः प्रसिद्ध केल्याखेरीज प्रश्न किंवा उत्तरे कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही मार्गाने, कधीही उघड करायची नाहीत. केल्यास गुण रद्द होऊ शकतात. अक्षरशः वाचले तर फाटकाबाहेरचे ‘मधमाश्या आल्या का’ हे विचारणेही या अटीत बसते. पूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या तारखांपुरती तरी या नियमाला एक खिडकी होती. आता सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तीन महिने ज्याची तयारी केली त्या गोष्टीविषयी त्याने मित्राशी बोलू नये, आणि संस्थाही त्याच्याशी बोलणार नाही, अशी ही व्यवस्था आहे.

गुप्ततेची दुसरी किंमत वाचनाच्या परीक्षेत अधिक जाणवते. वाचनाचा प्रश्न चुकीचा असू शकतो, म्हणजे दोन पर्याय सारखेच टिकणारे असू शकतात, आणि ते बहुतेक वेळा परीक्षार्थींच्या तुलनेतूनच उघडकीला येते. न्यूयॉर्क राज्यात २०१२ मध्ये आठवीच्या वाचन-चाचणीत अननस आणि ससा यांच्या शर्यतीचा एक चमत्कारिक उतारा आला होता. परीक्षा सुटल्यावर मुलांनी उत्तरे जुळवली, कोणाचीच जुळेनात, गोष्ट पालकांकडून वर्तमानपत्रांपर्यंत गेली आणि शेवटी राज्याने ते प्रश्न गुणांतून वगळले. ती शालेय परीक्षा होती, प्रवेशपरीक्षा नव्हे. पण सर्वांना एकच उतारा आला होता म्हणूनच ते शक्य झाले. प्रत्येकाचा संच वेगळा असता तर प्रत्येकाने आपल्यालाच काही कळले नाही असे मानून गप्प बसणे पसंत केले असते.

आपल्याकडच्या परीक्षांशी तुलना केली तर चित्र गमतीशीर दिसते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठीच्या सीयूईटी परीक्षेत भाषा विषयांच्या पेपरात आकलनाचे प्रश्न असतात. तेथे परीक्षार्थीला त्याची स्वतःची उत्तरे आणि तात्पुरती उत्तरसूची दाखवली जाते, आणि प्रतिप्रश्न २०० रुपये भरून हरकत घेता येते. विधी शाखेच्या क्लॅट परीक्षेत तर २०२० पासून जवळजवळ सगळा पेपरच उताऱ्यांवर आधारलेला आहे. डिसेंबर २०२४ मधील परीक्षेच्या काही उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल सुधारून लावावा लागला. याला कोणी आदर्श म्हणणार नाही. प्रवेश महिनोन्‌महिने लोंबकळतात, हरकतींचे शुल्क गरीब विद्यार्थ्याला परवडत नाही, आणि दर वर्षी न्यायालयाने उताऱ्याचा अर्थ लावत बसणे हे काही चांगल्या प्रश्नपत्रिकेचे लक्षण नव्हे. तरीही प्रश्न, आपले उत्तर आणि त्यांचे उत्तर एकत्र पाहण्याचा हक्क आपल्या परीक्षांनी गृहीत धरला आहे. ज्या देशात या हक्कासाठी १९७९ मध्येच कायदा झाला, त्या देशातील परीक्षा आज त्या बाबतीत आपल्या मागे उभी आहे.

आता या सेवेची जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. परीक्षा ज्या ब्लूबुक ॲपमधून घेतली जाते त्यातच पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या विनामूल्य मिळतात. घड्याळ, वाक्य अधोरेखित करण्याची सोय, नको तो पर्याय खोडण्याची सोय आणि कामगिरीनुसार बदलणारे दुसरे मॉड्यूल, सगळे प्रत्यक्ष परीक्षेसारखे. चाचणी संपल्यावर प्रत्येक प्रश्न, आपले उत्तर, अचूक उत्तर आणि चारही पर्यायांवरचे स्पष्टीकरण पाहता येते. कौशल्य आणि काठिण्य निवडून प्रश्न काढता येतील असा एक मोठा प्रश्नसंग्रहही संस्थेने सर्वांना खुला ठेवला आहे, आणि २०१५ पासून खान अकॅडमीचे मोफत शिक्षणसाहित्य आहेच. महागड्या क्लासची पायरी न चढता कोल्हापूर किंवा नांदेडमधल्या मुलीला हे सर्व घरबसल्या मिळते, याचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे. प्रत्यक्ष परीक्षेनंतर जी सेवा मिळत नाही, ती सराव चाचणीनंतर पैसे न घेता मिळते, अशी ही उलटी रचना आहे.

स्पष्टीकरणे मात्र डोळे मिटून वाचू नयेत. त्यांची भाषा ठरीव असते : अमुक पर्याय सर्वोत्तम, कारण उतारा असे म्हणतो, तमुक चूक, कारण उतारा असे म्हणत नाही. चुकीचा पर्याय मुळात आकर्षक का वाटला, हे त्यात नसते, आणि वाचन सुधारायचे तर शोधायचे तेच असते. येथे मुलांची ती जुनी सवय कामी येते. दोघातिघांनी ब्लूबुकची एकच सराव चाचणी स्वतंत्रपणे सोडवावी, स्पष्टीकरणे न उघडता एकत्र बसावे, आणि जेथे उत्तरे जुळत नाहीत तेथे प्रत्येकाने उताऱ्यातल्या नेमक्या शब्दांवर बोट ठेवून आपली बाजू मांडावी. ‘मला तसं वाटलं’ हे चालणार नाही, असा नियम करावा. पहिल्या मॉड्यूलचे प्रश्न सर्वांना सारखे असल्याने तुलना तेथे नीट होते. दुसऱ्यात वाटा फुटल्या तर कोणाची वाट कोठे गेली हेही दिसते. वाद संपल्यावर मग संस्थेचे स्पष्टीकरण उघडावे. माझ्या वर्गात या पद्धतीने एका तासात सात-आठच प्रश्न होतात आणि पालकांना ते फार कमी वाटतात. पण ज्या मुलाने एकदा मैत्रिणीपुढे चुकीच्या ओळीवर बोट ठेवले आहे तो त्या प्रकारच्या प्रश्नात पुन्हा सहसा घसरत नाही.

पुन्हा परीक्षा द्यावी की नाही, हा प्रश्न निकालानंतर प्रत्येक घरात येतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये या गुणांची अट पुन्हा घातल्यापासून तो अधिकच तातडीने येतो. गुणपत्रकातल्या पट्ट्यांवरून त्याचा निर्णय घेऊ नये. शेवटच्या दोन सराव चाचण्यांतले वाचनाचे गुण प्रत्यक्ष गुणांपेक्षा स्पष्टपणे वर असतील तर पुन्हा बसण्यात अर्थ आहे. ते त्याच पातळीवर असतील तर पुढच्या तारखेचे शुल्क भरण्याआधी वाचनाचीच सवय बदलावी लागेल, आणि ते तीन आठवड्यांत होत नाही.

याच सुमारास पालकांच्या मोबाइलवर ‘गेल्या परीक्षेचा आठवणीतून तयार केलेला पेपर, उत्तरांसह’ अशा विकाऊ पीडीएफ येऊ लागतात. त्यांवर पैसे घालवू नयेत. ते बाळगल्याने विद्यार्थ्याचे गुण धोक्यात येऊ शकतात, ही एक बाब. दुसरी अशी की त्यांतली वाचनाची उत्तरे कॉलेज बोर्डाकडून आलेली नसतात. ती कोणत्या तरी केंद्राबाहेर, उतारा समोर नसताना, बहुमताने ठरलेली असतात.